मी बुडवलेलं बॉम्बर

दिवाळीच्या सुट्टीत लोक कुठं कुठं जातात. कोणी देवाला जातं, कोणी सासुरवाडीला. मी रत्नागिरीला जाऊन एक बॉम्बर विमान समुद्रात बुडवून आलो. तासगावात हे कोणालाच खरं वाटत नाही. हेडमास्तरांनी तर "ऊन लागलं का हो?" असं काळजीनं विचारलं. म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

मी चित्रकलेचा शिक्षक. विमानांशी माझा संबंध एवढाच, की लहानपणापासून त्यांची चित्रं काढतो. एकाही विमानात कधी पाय ठेवलेला नव्हता. तरी दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर मी असा ठणकावून लेख लिहिला, की वाचणाऱ्याला वाटावं, हा गडी ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकूनच तासगावला शिकवायला आलाय. तो अंक कसा कोण जाणे, मुंबईच्या एका सिनेमा कंपनीच्या हाती पडला. त्यांना युद्धपट काढायचा होता. भंगारातून एक जुनं लिबरेटर बॉम्बर त्यांनी मिळवलं होतं आणि शूटिंग रत्नागिरीला होतं. 'तज्ज्ञ सल्लागार म्हणून यावे', असं पत्र आलं. त्यातला 'तज्ज्ञ' हा शब्द मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. "तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

मिरजोळे

एसटी, आंबा घाट आणि घाटातली माझी मळमळ हे सगळं गाळतो. रत्नागिरीच्या बाहेर मिरजोळ्याला कारखान्यांची वसाहत आहे, तिच्याजवळच विमानाची धावपट्टी. आमच्याकडं ज्याला माळ म्हणतात त्याला इथं सडा म्हणतात. पण माळावर निदान माती असते. इथं नुसता काळा-तांबडा कातळ, वर सुकलेलं गवत, आणि त्या गवतात माझं बॉम्बर उभं.

उभं म्हणजे टेकू लावून. चारही इंजिनं गायब, पंख काढून शेजारी ठेवलेले, काचा फुटलेल्या. युद्ध संपल्यावर हीच विमानं आपल्याकडं कितीतरी वर्षं समुद्रावर पहारा देत होती, हे मी लेखात लिहिलं होतं. पुढं त्यांच्या सावलीत शेळ्या बसतात, हे लिहिलं नव्हतं. दोन शेळ्या चाकाला अंग घासत बसल्या होत्या.

सिनेमा कंपनीची सगळी व्यवस्था पाहणारे सेठी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मला मोठ्या आदरानं आत नेलं. मागं दहाबारा माणसं. शेपटाकडं एक पत्र्याचं भांडं फळीला जखडलेलं दिसलं. मला आतून स्फुरण चढलं. इथं बॉम्बची वात कशी ठेवत, तज्ज्ञ माणूस त्यावर कसा वाकून बसे, हे मी दहा मिनिटं हातवारे करून सांगितलं. सगळे गंभीरपणे ऐकत होते. मग मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, हां संडास हाय. मी कालच धुतला."

तेच धोंडूदा सुतार. मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या बांधणारे.

त्यांचं काम काय, ते सेठींनी सांगितलं. सिनेमात हे विमान गोळ्या लागून समुद्रात उतरतं. थोडा वेळ तरंगतं, तेवढ्यात हिरो आणि मंडळी रबरी होडीत उतरतात, आणि मग विमान बुडतं. पण लिबरेटरच्या पोटाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळणारे, पाण्यात टाकताच विमान तळ गाठणार. माझ्याच लेखातलं वाक्य सेठींना पाठ होतं: 'पाण्याला टेकताच हे अजस्र धूड डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गडप होतं.' तेव्हा आधी ते तरंगवायचं होतं. धोंडूदांनी आतून फळ्या ठोकायच्या, भोकं बुजवायची, तळाला एक मोठं लाकडी बूच ठेवायचं आणि बुचाला दोरी. दिग्दर्शकानं खूण केली की दोरी ओढायची.

"मग बुडंल?" मी विचारलं.

धोंडूदांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या नातवाच्या मरणाची तारीख विचारली. 

बाजारातून

दुसऱ्या दिवशी बॉम्बर ट्रेलरवर चढवून बंदरावर नेलं. पंख नसले तरी धूड ते धूडच. पुढं चार गडी लांब बांबूंनी विजेच्या तारा उचलून धरत चाललेले. सेठी म्हणाले, "मास्टरजी, आप कॉकपिट में बैठिए." मी बसलो. बाजारात दोन्ही बाजूंनी माणसं, आणि मी पायलटच्या जागेवरून हात हलवतोय. आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. एका दुकानाची पाटी विमानाच्या नाकाला अडकून तुटली, ती फुटक्या काचेतून नेमकी माझ्या मांडीवर आली. उरलेला रस्ता मी 'येथे उत्तम काजूगर मिळतील' ही पाटी पोटाशी धरून हात हलवत होतो.

लॉज सगळे सिनेमावाल्यांनी भरलेले, म्हणून माझी सोय धोंडूदांच्या घरी केली होती. अंगणात अर्धी बांधलेली होडी, तिच्या फळ्यांखाली भुसा, आणि घरभर राळेचा आणि सुक्या मासळीचा वास. पार्वतीकाकी म्हणजे धोंडूदांची बायको. बारीक, काटक, बोलणं मोजकं.

रात्रीच्या जेवणाला तिरफळ घातलेलं तारलीचं कालवण आणि भात. आता आमच्याकडं पाव्हणा पहिल्यांदा वाढताना "नको" म्हणतो. दुसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरतो. मग यजमान हात बाजूला सारून वाढतो आणि पाव्हणा पोटभर जेवतो. ही रीतच आहे. पहिला भात संपल्यावर काकींनी विचारलं, "वाढू काय?"

"नको, नको," मी म्हणालो आणि हात आडवा धरला.

काकींनी भांडं उचललं आणि आत गेल्या. परत आल्याच नाहीत. मी हात तसाच धरून बसलो. धोंडूदा हात धुऊन आले तरी मी ताटावरच. या घरात नको म्हणजे नको, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, काय कंजूष माणसं! वर ताटात उरलेली तारली चाखली, तर तिचा काटा घशात अडकला. तेव्हा कुठं काकी आल्या आणि कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावून त्यांनी तो उतरवला. तेवढा एक गोळा जास्तीचा मिळाला.

मिरकरवाडा

पुढचे चार दिवस धोंडूदा विमानाच्या पोटात आणि मी बाहेर वही घेऊन. बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव, बर्फाच्या लाद्या, जाळी शिवणाऱ्यांची टोळी, आणि मधेच वाळूवर हे विमान. पहिल्या दिवशी लोक पाहायला जमले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटावर जाळी वाळत पडली.

काम मात्र बघत राहावं असं. फळी तासून बसवायची, फटीत कापूस ठोकायचा, वरून राळ आणि तेल. एकेका रिबिटाचं भोक धोंडूदा बोटानं चाचपून बुजवत. आत जांभ्याचे चिरे रचले, नाहीतर पाण्यात ते कलंडलं असतं. मी म्हटलं, "धोंडूदा, अर्धा तास तरंगलं तरी पुष्कळ. एवढं कशाला?"

"कमी कसा करतात, तां म्हायत नाय मना," ते म्हणाले.

मग कापूस वळता वळता बोलले. बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या. चाळीस वर्षांत एकही बुडालेली नाही. वादळानं फुटली, किनाऱ्याला लागली, पण फळी सुटून पाणी भरलं असं कधी झालं नाही.

"एक बुडाली की काय व्हतां, मास्तर? त्या एका होडीचा नाय काय. बाकीच्या होड्यांवर ज्यांचे घोव गेलेले असतात, त्या बायका रात्री निजत नाय. धोंडूची एक गेली, आता आपली कवा जाते, म्हणून." आणि जरा थांबून म्हणाले, "तेवढां सेठीसायबांना सांगा. ह्याला नारळ नको. नि नाव पण नको."

मी मान डोलावली. आणि मी काय समजलो, ते आता सांगायला लाज वाटते. आमच्याकडं गवंडी घर बांधून झालं की म्हणतो, "मालक, मला टोपी-टॉवेल काय नको हां." म्हणजे टोपी-टॉवेल आणून ठेवा. नाही आणलं तर तो गावभर बोलतो. मला वाटलं, केवढा हा विनय! केवढा संकोची कलावंत! वहीत तसं लिहिलंसुद्धा. आणि ठरवलं, या माणसाचा मान आपणच करायचा.

रंगवणाऱ्या माणसाला मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, की युद्धात वैमानिक विमानाच्या नाकावर बायकोचं किंवा प्रेयसीचं नाव लिहीत. दिग्दर्शकालाही ते पटलं. कोणतं नाव लिहायचं, तेही मीच सुचवलं.

शूटिंगच्या सकाळी धोंडूदा लाँचवर दोर बांधायला गेले होते. विमान भरतीच्या पाण्यात टेकवून ठेवलेलं, पंख जोडलेले, नाकावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत 'पार्वती'. सिनेमावाले नारळाशिवाय कॅमेरा हलवत नाहीत. सेठींनी नारळ माझ्या हाती दिला. मी कुंकू लावलं, हळद लावली, दोन शब्द बोललो आणि नाकावर नारळ असा फोडला, की एका फटक्यात दोन भकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं, तर धोंडूदा गुडघाभर पाण्यात उभे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाश्रू दिसतील म्हणून मी थांबलो.

"मास्तर, हां काय केलांत?"

"तुमचा मान केला, धोंडूदा!"

ते तसेच वळले. हातोडा घेऊन विमानाच्या पोटात शिरले. आतून बराच वेळ ठोकण्याचा आवाज येत होता. मी वहीत लिहिलं, 'शेवटच्या क्षणापर्यंत कामात मग्न.'

समुद्रात

लाँचनं विमान ओढून भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूला नेलं. समुद्र अगदी शांत होता. दिसत काय होतं म्हणून सांगू! लांबून पाहिलं की काळजात धस्स व्हावं. माझी चित्रं सगळी फिकी पडली. आम्ही लाँचवर, कॅमेरा दुसऱ्या लाँचवर, आणि धक्क्यावर अख्खा मिरकरवाडा लोटलेला. तिसऱ्या प्रहरी उन्हं कलल्यावर दिग्दर्शकानं खूण केली. हिरो आणि मंडळी नीट रबरी होडीत उतरली. दुसरी खूण झाली. सेठींनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग पाय रोवून अशी ओढली की दोरी तुटली आणि सेठी उताणे पडले.

विमान मजेत डुलत होतं.

"यह डूब क्यों नहीं रहा?" दिग्दर्शक ओरडला. सेठी उठले आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मास्टरजी ने लिखा था, पलक झपकते ही डूबता है!"

पाऊण तास गेला. ऊन पिवळं झालं. हिरो दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता. सेठींनी पहार घेऊन दोन माणसं पाठवायचं ठरवलं, तेवढ्यात धोंडूदा छोट्या होडीतून गेले आणि विमानाच्या वरच्या दारात जाऊन बसले. "पहार माझ्या अंगावर घाला," म्हणाले. मग सगळ्यांना एकदम आठवलं, की तज्ज्ञ सल्लागार सल्ला देण्यासाठीच आणलेला आहे.

मला पोहता येत नाही. आमच्या गावच्या विहिरीतसुद्धा मी तांब्यानं आंघोळ केली आहे. होडीतून त्या दारापर्यंत चढताना मी ज्या देवांची नावं घेतली, त्यातले काही मला त्याआधी माहीत नव्हते.

"धोंडूदा, बूच..."

"ठोकला मी. तुमी नारळ फोडलांत म्हणून ठोकला." त्यांनी बसल्या जागी पत्र्यावर मूठ आपटली. "तोवर हां नुसता पत्रा होता, मास्तर. पत्रा बुडाला तर बुडाला. तुमी कुंकू लावलांत, नारळ फोडलांत, माझ्या बायकोचा नाव घातलांत. आता ही होडी झाली. माझ्या हातची होडी. त्या धक्क्यावर बघा."

मी पाहिलं. पुढच्या रांगेत सगळ्या बायका उभ्या होत्या. मधे पार्वतीकाकी. त्यांच्या पाठीमागं धोंडूदांच्या होड्या नांगरलेल्या, पहाटे समुद्रावर जायच्या.

"मी सांगितलां होता ना तुमाला? नको म्हणून?"

पहिल्याच जेवणाला उपाशी ठेवूनसुद्धा या घरानं जे शिकवलं, ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पाण्याची भीती जरा मागं हटली. मी म्हणालो, "धोंडूदा, होडी मी केली, तर मीच बुडवतो. तुम्ही हात लावू नका. आणि मी बुडवतोय, हे सगळ्यांना ओरडून सांगा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोवता येतां?"

"नाही."

 मग कमरेचा दोर सोडून त्यांनी तो माझ्या कमरेला बांधला, दोनदा ओढून पाहिला, हातोडा दिला आणि बुचाला कुठून मारायचं ते बोटानं दाखवलं. स्वतः होडीत उतरले, दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं, आणि धक्क्याकडं तोंड करून तोंडाजवळ हात नेऊन ओरडले, "मास्तर बुडवतायत होऽऽ! होडी चांगली हाय! मास्तर बुडवतायत!"

आत अंधार. चिऱ्यांवर गुडघे टेकून मी मारायला लागलो. पहिला घाव बुचावर, दुसरा अंगठ्यावर. बूच हलेना. काय ठोकलं होतं! दहाबारा घाव घातल्यावर एकदम फट्‌ झालं, बूच माझ्या कानाजवळून उडालं आणि हातभर जाडीचं पाणी छातीवर आदळलं. मी "आई गंऽऽ" म्हणून जी बोंब मारली, ती म्हणे कॅमेऱ्याच्या लाँचवर ऐकू गेली. पुढचं मला नीट आठवत नाही. विहिरीतून बादली वर येते तसा मी कडेला आपटत आपटत दारातून बाहेर आलो आणि धोंडूदांच्या होडीत पडलो. एक चप्पल आत राहिली.

विमान हळूहळू गेलं. शेपूट आधी, मग पंख. शेवटी नाक वर आलं, ती पांढरी अक्षरं दिसली, आणि नंतर नुसते बुडबुडे. धोंडूदांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मीही हात जोडले. दिग्दर्शक "ओके" म्हणून ओरडत होता.

निघताना

पहाटे धोंडूदा माझ्याआधी उठून धक्क्यावर गेले होते. मी मागोमाग गेलो. होड्या सुटायची वेळ झालेली, आणि कोणी सोडत नव्हतं. निदान मला तसं वाटलं. सुभद्रा नावाची एक बाई, जिचा नवरा पहिल्याच होडीवर होता, ती धोंडूदांसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, काल तां बुडाला कसा?"

धोंडूदांनी माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मीच पुढं झालो. "मी बुडवलं, बाई. पाणी आत यायलाच तयार नव्हतं. बूच काढायला बारा घाव लागले." आणि काळानिळा अंगठा तिच्यापुढं धरला.

तिनं अंगठा पाहिला. "पोवता येतां काय?"

"नाही."

"मग कशाला गेलास मरायला?" ती म्हणाली आणि हसली. मागच्या बायकाही हसल्या. सुभद्रानं होडीच्या फळीवर हात मारला आणि नवऱ्याला म्हणाली, "जावा." एकेक करून होड्या सुटल्या. शेवटची किल्ल्याला वळसा घालून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठं धोंडूदा मटकन खाली बसले.

निघताना काकींनी विचारलं, "वाटेला भाकरी बांधू काय?"

आणि काय सांगू तुम्हाला, जन्माची खोड! माझ्या तोंडातून निघून गेलं, "नको, नको, कशाला उगीच!"

काकी आत गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. धोंडूदा स्टँडवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमी लिवता ना, मास्तर? मग ह्या पण लिवा. कुनी बुडवला, तां नीट लिवा."

साखरप्याला गाडी थांबली. पोटात कावळे ओरडत होते. टॉवेल काढायला पिशवी उघडली, तर त्यात फडक्याची पुरचुंडी. तांदळाच्या तीन भाकऱ्या, आणि तव्यावर भाजलेली तारली. एकेका तारलीचे काटे काढून ठेवलेले. एवढ्याशा माशाचे सगळे काटे! या घरात नको म्हटलेलं काकींनी पहिल्यांदाच मानलं नव्हतं. मी खाता खाता रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं तेव्हा मिरची लागली म्हणून सांगितलं.

तर धोंडूदांना दिलेल्या शब्दाप्रमाणं हे सगळं लिहिलं. बंदरापलीकडचं कोणी तो सिनेमा पाहून म्हणेल, की मिरकरवाड्याच्या सुताराचं काम एकदा बुडालं होतं, त्याच्यासाठी पुन्हा लिहितो. काम चांगलं होतं. बुडवलं मी.